रस्त्याची कडा आणि सायकलस्वार : साचलेला कचरा व झुकलेल्या फांद्या यांचा विचार

शहरातील एखाद्या रस्त्याची रुंदी किती, या प्रश्नाचे उत्तर नकाशावरून देता येते. परंतु त्या रुंदीपैकी सायकलस्वाराच्या वाट्याला प्रत्यक्ष किती येते, हे मात्र रस्त्यावर जाऊनच, आणि तेही वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत जाऊन, पाहावे लागते. रूढीप्रमाणे सायकलस्वाराने डाव्या कडेने जावयाचे असते. नेमक्या याच कडेला वाळू, खडी, काचा, काटे व पालापाचोळा साचतो, आणि याच कडेवर कुंपणाबाहेर आलेल्या फांद्या झुकतात. या दोन अडचणी सामान्यतः भिन्न समजल्या जातात. एक सफाईखात्याच्या कक्षेतील, दुसरी उद्यानखात्याच्या. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा भेद निरर्थक आहे, कारण दोहोंचा परिणाम एकच होतो : कडा सोडून त्याला मोटारींच्या प्रवाहात शिरावे लागते. या प्रक्रियेची कारणे व तिच्यातील धोक्याचे खरे स्वरूप यांचा विचार येथे मुख्यतः पुणे शहराची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. सायकलींचे शहर ही पुण्याची ख्याती आता भूतकाळात जमा झाली असली, तरी पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळीचे पहारेकरी व दूर उपनगरांतून कामावर येणारे कारागीर आजही सायकलीनेच जातात.

कचरा कडेलाच का साचतो, याचे उत्तर रस्त्याच्या घडणीत आहे. रस्त्याचा पृष्ठभाग मध्यभागी किंचित उंच व कडांकडे उतरता ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यास हा उतार साधारणतः शेकडा २ ते ३ इतका असतो. पावसाचे पाणी या उताराने वाहताना बारीक माती व वाळू आपल्याबरोबर नेते, आणि पाणी गटाराच्या जाळीतून निघून गेले तरी गाळ कडेलाच राहतो. पाऊस नसतो तेव्हा हेच काम मोटारींची चाके करतात. चाकांच्या सततच्या घर्षणाने व त्यांच्याबरोबर उठणाऱ्या हवेच्या झोताने वाहतुकीचा पट्टा आपोआप झाडला जातो, आणि उडालेले कण जेथे चाके फिरत नाहीत तेथे जाऊन स्थिरावतात. चौकात वळणाऱ्या व सरळ जाणाऱ्या वाहनांच्या वाटांमध्ये जो त्रिकोणी तुकडा उरतो, तेथेही वाळूचा असाच थर आढळतो. तात्पर्य, मोटार हाच शहरातील सर्वांत मोठा झाडू असून त्याचा केर सायकलस्वाराच्या वाटेवर लोटला जातो.

यावरून स्वतंत्र सायकलमार्गांविषयी एक काहीसा अनपेक्षित निष्कर्ष निघतो. ज्या मार्गावर मोटारी येतच नाहीत, तो मार्ग झाडलाही जात नाही. पुण्यात २००६ पासून जलद बससेवेच्या रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधले गेले, आणि २०१७ साली महानगरपालिकेने सायकल आराखड्यास मंजुरी दिली. सायकलमार्गांच्या आखणीसंबंधी इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशी तर १९६२ पासून उपलब्ध आहेत. तथापि आराखड्यात दाखविलेली रुंदी ही बांधकामाच्या दिवशीची रुंदी असते. दोन्ही बाजूंस दगडी किनार असलेला अरुंद मार्ग रस्ता झाडणाऱ्या मोठ्या यंत्रगाडीस प्रवेश देत नाही. मार्ग बांधताना तो कोणत्या साधनाने झाडावयाचा, हे जर ठरलेले नसेल, तर एका पावसाळ्यानंतर सायकलस्वार तो सोडून पुन्हा मुख्य रस्त्यावर येतात, आणि मग मार्ग रिकामा दिसतो म्हणून सायकलस्वारच नाहीत असे अनुमान काढले जाते. हे अनुमान कारण व परिणाम यांची अदलाबदल करणारे आहे.

सर्व कचरा सारखा घातक नसतो. कोरड्या, घट्ट पृष्ठभागावर विखुरलेली बारीक वाळू ही चाकाखालच्या लहान गोळ्यांप्रमाणे वागते. सरळ जाताना ती उपद्रव देत नाही, वळताना वा ब्रेक दाबताना देते. ओल्या पानांचे थरही असेच फसवे असतात. वर्षावृक्ष, ज्यास विलायती शिरीष असेही म्हणतात, त्याच्या शेंगांत गोड व चिकट गर असतो. उन्हाळ्यात त्या शेंगा वाहनांखाली चिरडल्या जाऊन रस्त्यावर काळपट लेप बसतो, आणि वळवाच्या पहिल्या सरीने तो बुळबुळीत होतो. गुलमोहराची जाड, लाकडी शेंग हाताएवढी लांब असते. पुढच्या चाकाखाली ती तिरपी आली, तर चाक बाजूस सरकते.

काट्यांचा विषय याहून विस्ताराने पाहण्याजोगा आहे. माळरानावर व रस्त्याच्या कोरड्या कडेला पसरणारा सराटा, म्हणजेच गोखरू, ही वनस्पती जणू चाकांसाठीच निर्माण झाली आहे. तिचे फळ पक्व झाल्यावर पाच खंडांत फुटते आणि प्रत्येक खंडावर कठीण काटे असतात. खंड कसाही पडला, तरी एखादा काटा वरच्या दिशेस राहतोच. तिच्या शास्त्रीय नावातील ‘ट्रिब्यूलस’ हा लॅटिन शब्द शत्रूच्या घोडदळाच्या वाटेत पसरावयाच्या चार टोकांच्या लोखंडी काट्याचा वाचक आहे. प्राण्यांच्या खुरांना चिकटून बीजप्रसार करण्याची ही जुनी युक्ती रबरी टायरच्या युगात अधिकच यशस्वी झाली. ही वनस्पती अमेरिकेत पोहोचल्यावर तेथे तिचा इतका उपद्रव झाला की तिच्या बिया व खोड पोखरणारे दोन जातींचे सोंडकिडे १९६१ साली इटलीतून आणून तेथे सोडण्यात आले.

बाभळीचे जोडकाटे सर्वांच्या परिचयाचे आहेत. बोगनवेलीचा काटा मात्र शहरी आहे. बंगल्यांच्या भिंतींवरून बाहेर आलेली बोगनवेल छाटली जाते आणि तिचे तुकडे भिंतीखाली, म्हणजे पुन्हा रस्त्याच्या कडेलाच, टाकले जातात. हिरव्या फांदीचा काटा वाकतो, वाळलेल्या फांदीचा वाकत नाही. त्यामुळे छाटणीनंतरचा आठवडा हा छाटणीपूर्वीच्या महिन्यापेक्षा सायकलच्या ट्यूबला अधिक घातक ठरतो. झिजलेल्या रेडियल टायरमधून सुटणाऱ्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे हा या यादीतील सर्वांत अलीकडचा व सर्वांत दुर्लक्षित पदार्थ होय. पंक्चर काढणारा अनुभवी कारागीर टायरच्या आतून बोट फिरवून आधी तो तुकडा शोधतो व नंतरच ठिगळ लावतो, ते यामुळेच.

बारीक काच किंवा तार बहुधा पहिल्याच फेऱ्यात आरपार जात नाही. ती टायरच्या रबरात रुतते आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी थोडी आत ढकलली जाते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये त्या तुकड्यावर सुमारे साडेचारशे वेळा भार पडतो. घरी पोहोचल्यावर टायर हाताने फिरवून रुतलेले तुकडे काढण्याची सवय कोणत्याही महाग टायरपेक्षा अधिक उपयोगी आहे. एवढ्यावरून हेही लक्षात येईल की पंक्चर हा खर्चाचा व विलंबाचा प्रश्न आहे. जिवाचा प्रश्न निराळाच आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी फांद्यांचा विचार करणे अवश्य आहे. रस्त्याकडेच्या झाडास एका बाजूने इमारतीची सावली व दुसऱ्या बाजूने रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्याचा प्रकाश मिळतो. साहजिकच त्याची वाढ रस्त्याच्या दिशेने अधिक होते. पावसाळ्यात ही वाढ सर्वाधिक वेगाने होते, आणि पानांवर साठलेल्या पाण्याच्या भाराने तीच फांदी आणखी खाली येते. शहरांतील छाटणी प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वी, वादळात झाडे पडू नयेत या हेतूने, केली जाते. हेतू योग्य आहे. परंतु मे महिन्यात मोकळी केलेली उंची सप्टेंबरात मोकळी राहिलेली नसते. यात छाटणीच्या पद्धतीची भर पडते. फांदी मध्येच ठोकून तोडली, तर खालील सुप्त कळ्या जागृत होऊन तेथे जोमदार पण दुर्बल जोडाच्या फुटव्यांचा झुबका येतो, आणि दोन वर्षांत एका फांदीच्या जागी दहा होतात. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी झाडाच्या जखमेभोवती कूज कशी रोखली जाते, याची मांडणी १९७७ च्या सुमारास केली. फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता त्याच्या लगत काप घ्यावा, हा नियम तिच्यातून दृढ झाला. असा काप घेण्यास अधिक वेळ लागतो, पण पुन्हा पुन्हा छाटण्याचा खर्च वाचतो.

सायकलवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पावणेदोन ते दोन मीटर उंचीवर असते. खड्ड्यातून जाताना उसळणे आणि पावसात फांदीचे लवणे यांसाठी काही जागा सोडली, तर अडीच मीटरपर्यंतचा अवकाश मोकळा असला पाहिजे. आता या ठिकाणी दोन्ही अडचणींचा खरा संबंध स्पष्ट होतो. काच, वाळू वा काटा टाळावयाचा असेल, तर नजर काही मीटर पुढे, जमिनीवर ठेवावी लागते. झुकलेली फांदी दिसावयाची असेल, तर ती वर व दूर ठेवावी लागते. आणि या दोहोंपैकी काहीही टाळण्यासाठी उजवीकडे सरकण्यापूर्वी ती मागे टाकावी लागते. तीन दिशांना एकाच क्षणी पाहणे मनुष्यास शक्य नाही. रात्री तर दिव्याचा खांब पर्णसंभाराच्या वर आणि सायकलस्वार त्याच्या खाली असल्याने उजेड पानांवरच अडतो. कडेचा पट्टा, जेथे उजेडाची सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वांत काळोखा राहतो.

अचानक वळण्याच्या क्रियेतही एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. दुचाकी वाहन उजवीकडे न्यावयाचे तर ते आधी उजवीकडे कलले पाहिजे, आणि ते कलण्यासाठी पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळावे लागते. बहुतेक सायकलस्वारांना आपण असे करतो याची जाणीवही नसते. सायकलींचा व्यवसाय केलेल्या विल्बर राइटने मात्र ते बरोबर हेरले होते. याचा अर्थ असा की समोरची काच उजवीकडून टाळू पाहणारे चाक प्रथम डाव्या किनारीकडे, बहुधा वाळूच्या थरातच, सरकते. घसरण्याचे कारण येथे आहे.

थांबण्याचे गणितही पाहावे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला सुमारे ४.२ मीटर पुढे जातो. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, असे मानले तर ६ मीटरहून थोडे अधिक अंतर तेवढ्यातच जाते. कोरड्या रस्त्यावर सेकंदास सेकंदास अडीच मीटर इतकी मंदगती गृहीत धरल्यास पुढील अंतर साडेतीन मीटर होते; एकूण १० मीटर. भिजलेल्या पोलादी रिमवर ब्रेकची पकड फार कमी होते. मंदगती १ मीटरवर आली, तर एकूण अंतर १५ मीटरपर्यंत वाढते. ज्या रस्त्यावर पुढील १५ मीटरांतील कडा पानांनी झाकलेली किंवा काळोखात असते, तेथे स्वाराकडे निवड करण्यास वेळच उरत नाही. तो वळतो, आणि मागून येणाऱ्या मोटारचालकास ते वळणे बेफिकिरीचे वाटते.

म्हणूनच कडेला चिकटून जावे व अडथळा आला की बाहेर यावे, ही प्रचलित पद्धत सदोष मानली पाहिजे. कडेपासून सुमारे एक मीटर अंतर राखून सतत सरळ रेषेत जाणारा स्वार मागच्या चालकास आधीपासून दिसतो व त्याच्या हालचालीचा अंदाज येतो. वाळूचा पट्टा टाळता येत नसेल, तर ब्रेक न लावता, हँडल न वळविता, सायकल उभी ठेवून तो पार करावा. वेग आधीच कमी केलेला असावा. डोळ्यांवर साधा चष्मा असला, तरी बोगनवेलीच्या शेंड्यापासून पुष्कळ रक्षण होते.

प्रशासकीय बाजू मात्र स्वाराच्या कौशल्याने सुटणारी नाही. सार्वजनिक रस्ते झाडणे व त्यांवरील अडथळे दूर करणे हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे कर्तव्य आहे. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाने वृक्षतोडीच्या व्याख्येत झाडास इजा करण्याचाही समावेश केला असल्याने झाडाची फांदी कोणीही आपल्या मनाने कापावी, असे म्हणता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करणे हाच मार्ग राहतो. झाडांच्या दृष्टीने ही तरतूद इष्टच आहे. परंतु फांदी कापणारे पथक, कापलेला पाला उचलणारी गाडी आणि रस्ता झाडणारा कामगार यांचे दिवस वेगवेगळे असले, की फांदी डोक्यावरून उतरते ती थेट चाकाखाली येते. पहाटे खराट्याने जमविलेले ढीगही गाडी येईपर्यंत कडेलाच असतात, आणि कामावर जाणाऱ्या सायकलस्वारांची वेळ तीच असते. खराट्याने पाने निघतात, वाळू व काच बहुतांशी मागे राहते, हेही नोंदविण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टप्रमाणे वाट अडविणारी झुडपे १४ दिवसांत छाटण्याची नोटीस जागेच्या मालकास देता येते. आपल्याकडे भिंतीबाहेर येणाऱ्या वेलींच्या बाबतीत अशी मुदतबंद जबाबदारी मालकावर टाकणे अधिक व्यवहार्य ठरेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात अल्प साधनांनी पुष्कळ काम करता येण्याजोगे आहे. दोन-तीन किलोमीटरचा एक मार्ग निवडून त्याचे १०० मीटरचे भाग पाडावेत. प्रत्येक भागात कडेपासून स्वच्छ डांबरापर्यंतचे अंतर फितीने मोजावे, एक मीटर लांबीच्या पट्ट्यातील कचरा झाडून, वाळवून, चाळून तोलावा, आणि अडीच मीटर लांबीचा बांबू उभा धरून तो कोठे कोठे पानांस लागतो त्याची नोंद करावी. हीच मोजणी मे महिन्यात छाटणीनंतर, सप्टेंबरात पाऊस ओसरताना व फेब्रुवारीच्या पानगळीत करावी. त्याच जागी उभे राहून जाणारे सायकलस्वार कडेपासून किती अंतरावरून जातात, हे रस्त्यावर खडूने आखलेल्या रेषांच्या साहाय्याने मोजता येईल. मोजणी सकाळी साडेसहाच्या आत सुरू व्हावी. त्यानंतर ढिगांची जागा बदललेली असते.