गर्भावस्थेतील रक्तदाबमापन

गर्भावस्थेतील रक्तदाबमापन ही प्रसूतिपूर्व तपासणीच्या प्रत्येक भेटीत केली जाणारी मूलभूत चाचणी आहे. या काळात रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. स्त्रीला बरे वाटते आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही.

गर्भधारणेनंतर काही आठवड्यांतच संप्रेरकांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि रक्तदाब उतरतो. गर्भावस्थेच्या मध्यास तो सर्वांत कमी असतो. पुढे हळूहळू पूर्वपातळीकडे येतो. ही घट फसवी ठरू शकते, कारण आधीपासून असलेला उच्च रक्तदाब तिच्याआड झाकला जातो. पाचव्या महिन्यात प्रथमच तपासणीस आलेल्या स्त्रीचा रक्तदाब सामान्य दिसला व नंतर वाढला, तर तो जुना की गर्भावस्थेमुळे उद्भवलेला, हे ठरवणे कठीण जाते. पहिल्या तिमाहीतील नोंद त्यामुळेच मोलाची असते.

किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० मि.मी. पारा किंवा अधिक रक्तदाब आढळल्यास तो उच्च मानतात. दोहोंपैकी एक आकडा वाढलेला असला तरी पुरे. २० आठवड्यांनंतर प्रथमच अशी वाढ होऊन सोबत लघवीत प्रथिने आढळली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका अशांवर परिणाम दिसला, तर त्या स्थितीस प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे व बरगड्यांखाली दुखणे ही तिची धोक्याची लक्षणे होत. झटके आल्यास तिला एक्लॅम्पसिया म्हणतात; झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. १६०/११० वा अधिक रक्तदाब टिकून राहिल्यास मेंदूतील रक्तस्रावाचा धोका असतो. तेथे चार तास थांबत नाहीत, तातडीने उपचार करतात.

मापनापूर्वी स्त्रीने सुमारे पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. दंडाच्या मानाने पट्टी लहान असल्यास आकडा खोटा वाढतो. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात उताणे झोपवून मोजू नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो. घरगुती स्वयंचलित यंत्र गर्भवतींसाठी पडताळलेले असावे. काही यंत्रे प्री-एक्लॅम्पसियात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात.

भारतात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिच्यात रक्तदाबमापन असतेच.

प्रसूतीनंतर मापन थांबवणे ही मात्र नेहमीची चूक आहे. रक्तदाब बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत पुन्हा चढतो, आणि तोवर अनेक बाळंतिणी घरी गेलेल्या असतात.