हवेची ऋतुचर्या

आमच्या पूर्वजांनी सहा ऋतूंची वाटणी करून प्रत्येकाचा आहार, स्नान व व्यायाम यांचे नियम घालून दिले. त्यांत हेमंत व शिशिर हे व्यायामाचे ऋतू मानिले आहेत. थंडीत अग्नी प्रदीप्त असतो, बळ वाढते. यास्तव पहाटे उठावे, मोकळ्यावर फिरावयास जावे, दीर्घ श्वसन करावे, हा उपदेश घरोघर ऐकू येतो. तो ज्या काळी घडला त्या काळच्या हवेस यथार्थच होता. परंतु पुण्यामुंबईसारख्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबांनी त्यातील 'पहाटे' या एका शब्दाचा फेरविचार करावा, असे आम्हांस वाटते. ज्या घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा कोणी वृद्ध आहे, त्या घरात तर ही गोष्ट लांबणीवर टाकण्याजोगी नाही.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. सूर्य मावळताच जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात टाकते व निवते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. एरव्ही जसजसे वर जावे तसतशी हवा किलोमीटरमागे सुमारे ६.५ अंशांनी थंड होत जाते. हिवाळ्याच्या रात्री हा क्रम उलटतो: खाली थंड व जड हवा, वर तीहून उबदार. जड हवा वर चढत नाही, आणि वारा पडलेला असतो. पातेल्यावर झाकण घालावे तसे हे होते. उन्हाळ्याच्या दुपारी जो धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरावयाचा, तोच आता शे-दोनशे मीटरांच्या थरात कोंडतो. हिवाळ्यात मोटारी काही वाढत नाहीत. धुराची जागा तेवढी कमी होते. पुण्याभोवती टेकड्या असल्यामुळे थंड हवा खोलगट भागात उतरून साचते. मुंबईस दिवसा समुद्राचा वारा साहाय्य करतो, पण रात्री वारा जमिनीकडून वाहतो आणि हिवाळ्यात समुद्रवारा सुटावयास उशीर लागतो. असे झाकण काय करू शकते, याचे दारुण उदाहरण लंडनचे. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखांच्या दरम्यान कोळशाचा धूर शहरावर कोंडला आणि सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधनाने हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे.

यात सर्वांत घातक ते २.५ मायक्रॉनांहून बारीक कण होत. केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा हिस्सा एवढे ते लहान. नाक व घसा त्यांस अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसांच्या तळाशी जातात. आपल्या सरकारने २००९ साली त्यांची मर्यादा दिवसाच्या सरासरीस घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितली. अशा हवेत प्राणायाम करणे म्हणजे तीच हवा अधिक खोल ओढून घेणे होय.

दिवाळीचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. अभ्यंगस्नान आटोपून मुले फटाके उडवितात ते सूर्योदयापूर्वी, म्हणजे झाकण घट्ट बसलेले असते नेमके त्या वेळी. फराळ, उटणे, पणत्या, कंदील यांत दिवाळीचे सगळे मांगल्य आहे. पहाटेची दारू त्यातून वगळली तर काही उणे पडेल असे आम्हांस वाटत नाही. मुलांस मात्र वाटेल, आणि त्यांची समजूत घालण्याचे काम वडील मंडळींचे.

आता विरोध पाहा. चैत्र-वैशाखात हीच पहाट निर्मळ असते व दुपार सांभाळावी लागते. मोटारींच्या धुरातील वायूंवर प्रखर ऊन पडले की ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर तो आपले रक्षण करतो. जमिनीलगत मात्र छातीस जाचतो. शिवाय धूळ. वर्षाऋतूविषयी फार लिहावयास नको: नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून स्वच्छ येतो, पाऊस कण धुऊन काढतो, आणि आषाढ-श्रावणात आपली शहरे वर्षातील सर्वांत शुद्ध हवा भोगतात. त्या दिवसांत गॅलरीत बसणाऱ्या आजींस खिडकी लावावयास सांगू नये.

तेव्हा कार्तिकापासून माघापर्यंत फिरण्याची वेळ बदलावी. सकाळची गर्दी ओसरून ऊन चांगले वर आल्यावर, किंवा त्याहून बरे म्हणजे दुपारी ३ ते ५ च्या सुमारास निघावे. थंडीच्या दिवसांत ते ऊन सुखावहच असते. आजोबांस हे पटविणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. वृत्तपत्रातील हवेचा निर्देशांक त्यांस दाखवावा, पण तोही एका मर्यादेत: बारीक कणांपुरता तो २४ तासांच्या सरासरीवर बांधलेला असतो, त्यामुळे पहाटेचा वाईट तास दुपारच्या चांगल्या तासात मिसळून जातो. तासातासाचे आकडे मिळत असल्यास तेच पाहावे.

ज्यांस वेळ बदलता येत नाही त्यांचे काय? दूधवाला, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, आणि अंधारात रस्ता झाडणारी बाई यांचे काम पहाटेचेच. झाडलेला पाला काडी लावून जाळण्याची रीत अजून सुटलेली नाही. वास्तविक राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रसंगी ५,००० रुपये दंड ठरविला आहे. तो पाला बहुधा आपल्याच वाड्यांतील व सोसायट्यांतील झाडांचा असतो. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून तो त्यात टाकिला, तर पुढील पावसाळ्याअखेर त्याचे खत होते, आणि त्या बाईच्या छातीत जाणारा एवढा तरी धूर वाचतो.