गुरूचे वजन कोणी केले?

श्रोतेहो, आपल्या नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दर बारा वर्षांनी कन्यागताची पर्वणी येते. गुरू कन्या राशीत शिरला की ती लागते. २०१६ साली ती अशीच लागली होती. बाराच वर्षे का? तर गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला जवळजवळ तेवढीच, ११.८६ वर्षे लागतात.

गुरू या शब्दाचा एक अर्थ जड असाही आहे. पण हा ग्रह किती जड, हे कळले कसे? एवढा तराजू आणायचा कुठून?

तो तराजू गुरूपाशीच आहे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा गुरूभोवती फिरणारे चार चंद्र त्याला सापडले. हे चंद्रच गुरूचे वजन सांगतात.

राखणीला गेलेल्या माणसाने गोफण फिरवताना अनुभवले असेल, की धोंडा जितका जोरात फिरवावा, तितकी दोरी घट्ट धरावी लागते. धरायला ओढ कमी पडली, तर धोंडा सुटून जायचा. चंद्राला धरणारी दोरी म्हणजे ग्रहाचे गुरुत्वाकर्षण. चंद्र किती अंतरावर आणि किती वेगाने फिरतो हे मोजले, की ग्रहाची ओढ कळते आणि ओढीवरून वजन.

आता हिशेब करू. आपला चंद्र पृथ्वीपासून ३.८४ लाख किलोमीटरवर. त्याची फेरी २७.३ दिवसांची. गुरूचा आयो नावाचा चंद्र ४.२२ लाख किलोमीटरवर, म्हणजे थोडा लांबच. पण त्याची फेरी अवघ्या १.७७ दिवसांत पुरी होते! शिक्षकबंधूंनी फळ्यावर मांडावे: २७.३ ला १.७७ ने भागून वर्ग करा, ४.२२ ला ३.८४ ने भागून घन करा. दोहोंचा गुणाकार करा. उत्तर ३१६ च्या आसपास येईल. बारीक मोजमापाने गुरू ३१८ पृथ्व्यांइतका जड ठरतो.

पण आकाराने पाहाल, तर त्याच्यात तेराशेहून अधिक पृथ्व्या मावतील. म्हणजे त्याची घनता पृथ्वीच्या जेमतेम पाव. तेव्हा तो दगडमातीचा नव्हे. मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या हलक्या वायूंचा आहे. तिथे पाय टेकायला जमीनच नाही.

गुरू रात्री वर असेल, तेव्हा साधी दोन डोळ्यांची दुर्बीण भिंतीला टेकवून मुलांना हे चंद्र दाखवा. रोज त्यांच्या जागा वहीत काढून घ्या. आठवड्याभरात ते जागा बदलताना दिसतील. मग पुढच्या कन्यागताला ही मुले वाडीला जातील, तेव्हा पर्वणीचा गुरू त्यांच्या ओळखीचा असेल.