इमूंच्या मळ्यात

‘इमू’ हा शब्द मराठीत तसा नवा आहे. पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, परंतु त्याचे नाव काही तेथील मूळ रहिवाशांनी ठेवलेले नाही. पोर्तुगीज खलाशी उंच पायांच्या मोठ्या पक्ष्यांना ‘एमा’ म्हणत आणि त्यावरूनच बहुधा ‘इमू’ झाला, असे सांगतात. आमचे घराणे गोमंतकातून बेळगावास येऊन स्थायिक झालेले. त्यामुळे पाव, मेज, जनेल यांच्या पंगतीस आणखी एक पोर्तुगीज पाहुणा येऊन बसला याचे आम्हांस कौतुकच वाटले.

आज हा विषय घेण्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या वाचकांपैकी काहींच्या शेतात तारेच्या जाळीचे पुरुषभर उंच कुंपण अजून उभे असेल आणि त्यात आता शेळ्या बांधल्या जात असतील. ते कुंपण मुळात शेळ्यांसाठी घातलेले नव्हते.

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब, म्हणजे मातोश्री, मंडळी आणि दोन्ही मुले यांच्यासह, असा एक मळा पाहून आलो. बेळगावहून संकेश्वरास जावयाचे आणि तेथून गडहिंग्लजच्या वाटेस लागावयाचे. उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा धूर आणि काकवीचा वास यांत प्रवास कसा सरला ते कळलेही नाही. मळ्याच्या फाटकाशी पोहोचतो न पोहोचतो तोच आतून धप्, धप्, धप् असा खोल आवाज येऊ लागला. मातोश्रींनी कान टवकारले. “घुमट कोण वाजयता रे?” त्यांनी कोकणीत विचारले. मळ्याचे मालक, वयाने सत्तरीकडे झुकलेले, हसत म्हणाले, “आजी, मादी बोलते आहे.” इमूच्या मादीच्या गळ्यात हवेची एक पिशवी असते. ती फुगवून ती हा ढोलासारखा नाद काढते आणि तो एक-दोन किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. नराचा आवाज मात्र नुसता गुरगुरल्यासारखा असतो.

कुंपणाशी अकरा पक्षी धावत आले. त्यांची उंची साडेपाच-सहा फुटांची, वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात, अंगावर वाळक्या गवताच्या पेंढीसारखी राखी-तपकिरी पिसे. “हें सवणें काय ऊंट रे?” हा मातोश्रींचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. शहामृगाच्या खालोखाल उंच असा आज जगात हाच पक्षी आहे. त्याला पंख आहेत, पण ते वीतभरच; आणि उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडाला जो उभा कणा असतो, ज्याला उडण्याचे स्नायू चिकटतात, तो याला नाहीच. सारे बळ पायांत उतरलेले आहे. प्रत्येक पायाला तीन बोटे असतात (शहामृगाला दोनच) आणि वेळ आली तर तो ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. लाथ पुढच्या दिशेने मारतो, म्हणून मालकांनी मुलांना जाळीपासून हातभर दूर उभे केले. तरीही चकाकणाऱ्या वस्तूचा त्याला भारी सोस. आमच्या चिरंजिवांच्या सदऱ्याचे एक बटण त्याने जाळीतून अलगद टिपले आणि गिळूनही टाकले. धान्य दळण्यासाठी पोटात खडे लागतात, त्यांतच त्याचीही भर पडली असावी.

कन्येस एक गळलेले पीस सापडले. एकाच देठातून सारख्या लांबीची दोन पिसे फुटलेली! ही इमूची ओळखीची खूण होय.

मळ्याच्या कोपऱ्यात एक पक्षी पाला-काटक्यांवर मान जमिनीस लावून निश्चल बसला होता. “आई अंडी उबवते आहे,” मुले कुजबुजली. मालक म्हणाले, “आई नव्हे, बाप.” हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण पाहणे निराळे. मादी गर्द हिरवी, जवळजवळ काळपट, प्रत्येकी अर्ध्या किलोहून जड अशी अंडी घालते आणि निघून जाते. पुष्कळदा दुसरा जोडीदारही शोधते. पुढचे सुमारे छप्पन्न दिवस नर अंड्यांवर बसतो. दिवसातून दहाएक वेळा उठून ती उलथीपालथी करतो. एरवी जवळजवळ काही खात नाही, पाणीही नावापुरतेच. या तपश्चर्येत त्याचे वजन तिसऱ्या हिश्शाने घटते. पिले बाहेर पडतात ती खारीसारखी पट्टेदार, आणि त्यांना पाच-सहा महिने सांभाळतोही तोच.

पूर्वी या मळ्यात नराला बसू देत नसत. अंडी उचलून विजेच्या उबवणी यंत्रात ठेवीत, म्हणजे मादी आणखी अंडी घाली. येथूनच या धंद्याचा हिशेब सुरू होतो, आणि तो विद्यार्थ्यांनी पाटीवर मांडून पाहावा. एका जोडीपासून वर्षाला वीस पिले धरू. म्हणजे दहा नव्या जोड्या. दीड-दोन वर्षांत त्या वयात आल्या की त्यांची दोनशे पिले, म्हणजे शंभर जोड्या. आणि त्यांची पुढे दोन हजार पिले! कागदावर हा आकडा पाहून कोणाचेही डोळे दिपतील. पण पिले विकत कोण घेई? नवा शेतकरी. तो पुढे कोणाला विकी? त्याहून नव्या शेतकऱ्याला. इमूचे मांस कमी चरबीचे, पाठीवरच्या चरबीचे तेल औषधी, कातडे मऊ, असे सांगितले जाई आणि त्यात काही तथ्यही होते. परंतु ते मांस नेमाने विकत घेणारा खाटीक, तेल काढणारा कारखाना, कातडे कमावणारा चांभार यांची साखळी आपल्याकडे उभी राहिलीच नाही. “गुरुजी,” मालक म्हणाले, “पिल्लू घ्यायला माणसं होती, पक्षी घ्यायला कोणी नव्हतं.” त्यांनी जमिनीवर कर्ज काढून साठ जोड्या केल्या होत्या. कर्ज फिटता फिटता रस्त्यालगतची दीड एकर गेली.

अमेरिकेतही १९९० च्या दशकात हेच घडले होते. आपल्या देशात २०१२ साली तामिळनाडूतील इरोड जिल्ह्यात पेरुंदुराईच्या परिसरात याचा स्फोट झाला. पक्षी सांभाळा, दरमहा पैसे देतो, असे सांगून हजारो कुटुंबांकडून ठेवी घेतल्या गेल्या होत्या. चालक पळाले, पक्षी उपाशी राहिले आणि त्यांना दाणा घालण्याचे काम सरकारी पशुसंवर्धन खात्यावर येऊन पडले. पुढे न्यायालयाने शिक्षाही दिल्या; बुडालेले पैसे परत मिळणे ही गोष्ट निराळी.

यात पक्ष्याकडे दोष जात नाही. ऑस्ट्रेलियाने त्याला कांगारूच्या जोडीने आपल्या राजचिन्हावर बसविले आहे, आणि त्याच देशाने नोव्हेंबर १९३२ मध्ये पश्चिमेकडील गव्हाच्या शेतांतून त्याला हुसकावण्यासाठी दोन मशीनगनी व दहा हजार गोळ्या देऊन सैनिक पाठविले होते. पक्षी विखरून पळाले आणि सैनिक हात हलवीत परतले. हा प्रसंग सांगितला तेव्हा मालक पोट धरून हसले.

आता यंत्र बंद आहे. विजेचे बिल परवडत नाही. अंडी बहुतेक घरातच खपतात. एका अंड्यात कोंबडीची दहा तरी मावतात, तेव्हा सारे घर एकाच पोळ्यावर जेवते. नराखाली मात्र तीन ठेवली आहेत, कारण ती काढून घेतली की तो रिकाम्या जागेवरही बसून राहतो, असे मालक सांगत होते. मक्याचा भरडा, कोंडा आणि बांधावरचा लसूणघास एवढ्यावर अकरा जणांचे भागते; येणारे-जाणारे दाण्यासाठी म्हणून काही ठेवून जातात. बंदिस्त इमू वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. यांपैकी सर्वांत म्हातारा पक्षी त्यांनी पिल्लू म्हणून आणला तेव्हा धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे होते. आता तिची मुले त्याला दाणा घालतात.