भाकरी आफ्रिकेची, मिरची अमेरिकेची!

आज रात्री सारे घर जेवायला बसेल तेव्हा मुलांना एक कोडे घाला. "आपल्या ताटातला कोणता जिन्नस सर्वांत लांबून आला?" कोणी म्हणेल वाण्याकडून, कोणी म्हणेल गावाकडून. खरे उत्तर मात्र समुद्रापलीकडे आहे.

आधी भाकरी पाहू. ज्वारी आणि बाजरी आपल्याला इतकी जवळची, की ती इथल्याच मातीत जन्मली असे वाटते. पण दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये ५,००० वर्षांहून जुन्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे ठसे सापडले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. तिचे प्राचीन पुरावे माली या देशात मिळाले. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये भारतात आली आणि दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत रुजली.

आता भाकरीवरचा ठेचा. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा यायचा तो काळ्या मिरीने. म्हणूनच नव्या पाहुणीला जुन्या मिरीवरून नाव पडले, मिरची! ठेच्यातला लसूण मध्य आशियातला आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. भुईमुगाचीही एक गंमत आहे. त्याचे फूल जमिनीवर फुलते, मग त्याचा देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग जमिनीखाली धरते. शेंग म्हणजे मूळ नव्हे, फळ आहे!

आणखी एक नवल ऐका. उपवासाच्या साबुदाणा खिचडीत काय काय असते? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदापासून बनतो. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला. म्हणजे जी खिचडी परंपरेने चालत आलेली म्हणून मानाने वाढली जाते, तिच्यातले हे चारही जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कोणी पाहिलेही नव्हते! सीताफळ आणि रामफळ ही नावे रामायणातली वाटतात. पण झाडांचे मूळ अमेरिका खंडातच आहे.

शब्दांचेही तसेच. बटाटा, काजू, अननस, पाव, चावी हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. महिनाभर ज्याची वाट पाहतो तो 'पगार'सुद्धा पोर्तुगीज. त्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे.

मग आपले स्वतःचे काहीच नाही का? आहे तर! तूर, तीळ आणि काळी मिरी या आपल्या भूमीने जगाला दिलेल्या देणग्या आहेत. घेणे आणि देणे दोन्ही चालत आले.

आता मुले विचारतील, "हे कशावरून?" विचारलेच पाहिजे. निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हाच प्रश्न घेऊन खंडोखंडी प्रवास केला आणि बियाणे गोळा केले. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाच्या जाती भरपूर आणि त्याचे रानटी भाऊबंदही आढळतात, तिथे त्याचे मूळ शोधावे, हा त्याचा विचार. त्याला उत्खननात सापडणाऱ्या जुन्या दाण्यांची जोड मिळाली. पिकांची जन्मभूमी शोधणाऱ्या या माणसाला १९४० साली स्टालिनच्या राजवटीने अटक केली. १९४३ साली तो तुरुंगात उपासमारीने मेला. त्याच काळात लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. तिथल्या त्याच्या संस्थेतले काही सहकारी धान्याच्या साठ्याशेजारी भुकेने मेले. पण पुढच्या पिढ्यांसाठी राखलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही.

हे सारे केवळ करमणुकीसाठी सांगितले नाही. शाळेत डबा उघडताना आजही एखाद्या मुलाला भाकरीची लाज वाटते. शेजारच्या डब्याकडे पाहून तो आपला डबा झाकून घेतो. अमके अन्न उच्च, तमके हलके, असे त्याच्या कानावर पडलेले असते. त्या लेकराला सांगा, "बाळा, तुझी भाकरी आफ्रिकेहून आली आणि त्याची बटाट्याची भाजी अमेरिकेहून. दोघांचेही अन्न परक्या शेतकऱ्यांच्या घामातून घडले आणि इथल्या कष्टकऱ्यांनी ते पिकवले. यात उच्च कोण आणि नीच कोण?"

दर आठवड्याला स्वयंपाकघरातला एक जिन्नस निवडा. चहा, कांदा, मका, टोमॅटो, काहीही. मुलांना वाचनालयात पाठवा, त्याचे मूळ शोधायला लावा. उत्तर घेऊन आली की शाबासकी द्या आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा, "कशावरून?" ज्या घरात हा प्रश्न विचारायची सवय असते, त्या घरातल्या लेकराला डबा झाकून घ्यावा लागत नाही.