पोटाचा साचा

गरोदर पोटाचा प्लॅस्टरचा साचा काढून भिंतीवर लावायची पाश्चात्त्य हौस आता आपल्याकडेही काही जणी करतात. आठव्या महिन्याच्या सुमारास पोटाला व्हॅसलिन चोळायचे आणि मोडल्या हाडाला लावतात त्याच प्लॅस्टरच्या पट्ट्या ओल्या करून वर बसवायच्या. घट्ट होताना प्लॅस्टर तापते, म्हणून थर पातळच हवा. अर्ध्याएक तासात कवच सुटते.

‘‘दृष्ट लागेल!’’ घरातली आजी म्हणेलच. आपण ओटीसुद्धा पदरात भरतो. पण शिनोली-घोडेगावजवळून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. आत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, सोबत बिनशिराची आणखी एक आणि बैल. तीन हजार वर्षांपूर्वीची ही मातृदेवता. म्हणजे बाईचा देह मातीत घडवणे आपल्याला नवे नाही. फक्त तो असा जपून ठेवलेला. जुना बँकवाला मी, मला लॉकरच आठवला!

साचा टांगायचा की पेटीत ठेवायचा, हे जिचे पोट तिनेच ठरवावे. हौशी नवऱ्याने पाहुण्यांपुढे परस्पर मिरवू नये. आणि टांगायचाच, तर शिनोलीकडच्या पावसात ओल धरणारी भिंत नको. प्लॅस्टर पाणी पिते.