ताज्या बर्फाचं आयुष्य

जानेवारीत कात्रजच्या तळ्याकाठी पहाटे फिरणाऱ्यांमध्ये कानटोप्या एकाएकी वाढल्या, की बहुतेक वेळा दोन-चार दिवसांपूर्वी काश्मिरात बर्फ पडून गेलेला असतो. वर्तमानपत्रात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. 'पुण्याचा पारा घसरला' एका पानावर, गुलमर्गच्या पांढऱ्या उतारांचं छायाचित्र दुसऱ्या पानावर. पण त्यांचा उगम पुष्कळदा एकच असतो. भूमध्य आणि कास्पियन समुद्रांच्या बाजूने, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन कमी दाबाची आवर्तनं पूर्वेकडे येतात. हवामानाच्या बातम्यांत आपण त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतो. पीर पंजाल रांगेवर ती हवा उचलली जाते, थंड होते आणि हिमवृष्टी होते. झंझावात पुढे सरकला, की मागून उत्तरेची कोरडी हवा खाली सुटते. आभाळ निरभ्र होतं, जमिनीची उष्णता रात्रभर निघून जाते, निफाडचे द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात आणि कात्रजला हुडहुडी भरते.

या आवर्तनांना वाटेत अरबी समुद्रावरूनही बाष्प मिळतं. जूनमध्ये कात्रजचा घाट भिजवणारा समुद्र गुलमर्गच्या बर्फालाही हातभार लावतो, हे मला कायम विलक्षण वाटत आलं आहे.

पुण्याचं हिमालयातल्या बर्फाशी नातं तसं जुनं. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली एक मुद्दा मांडला: हिमालयात हिवाळ्या-वसंतात बर्फ जास्त साचला, तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. बर्फ ऊन परतवून लावतो, वितळताना उष्णता खातो, जमीन तापायला उशीर होतो. त्यावर आधारलेले अंदाज त्यांनी देऊनही पाहिले. पुढे हे नातं इतकं सरळ नाही हे दिसलं, पण मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाची सुरुवात बर्फाकडे पाहून झाली. त्याच खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते.

आणि खरं तर बर्फ कात्रजवरही पडतो. फक्त तो जमिनीवर पोचत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण पाच ते साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. त्याच्याही वर वाढलेल्या ढगांत हिमकण तयार होतात, खाली येताना शून्याची रेषा ओलांडतात आणि काहीशे मीटरांत वितळून थेंब होतात. रडारवर हा वितळणारा थर चकाकत्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. वळवाच्या ढगातल्या विजाही बर्फाच्या टकरींतूनच येतात: हलके स्फटिक आणि जड हिमगोळ्या एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळा होतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २००९ पासून विमानं ढगांत नेऊन त्यातले थेंब आणि हिमकण मोजले आहेत. महाबळेश्वरला त्यांची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. गुलमर्गचं वेगळेपण एवढंच, की तिथे हिवाळ्यात शून्याची रेषा पायाखाली गेलेली असते.

पण बर्फ पडणं वेगळं आणि स्की करणारे ज्यासाठी जीव टाकतात ती कोरडी, हलकी पावडर पडणं वेगळं. जपानच्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. सशाच्या केसाच्या टोकावर! दोरे, कोळ्याचे तंतू यांवर दव गोठून बसायचं, नीट स्फटिक होत नसे. सशाच्या केसावर तो सुटा वाढला. मग त्यांनी तापमान आणि बाष्प बदलत बदलत आकारांचा एक नकाशाच तयार केला. उणे दोन अंशांच्या आसपास पातळ षट्कोनी चकत्या. उणे पाचजवळ सुया आणि पोकळ खांब. उणे पंधराच्या आसपास, बाष्प भरपूर असेल तर, सहा फांद्यांचा, फांदीला उपफांद्या फुटलेला तारा. हा तारा हवेतून सावकाश उतरतो आणि दुसऱ्या ताऱ्यावर टेकतो तो फांद्यांच्या टोकांनी. मधली सगळी जागा हवेची.

गडद रंगाच्या थंड हातमोज्यावर तो झेलून साध्या भिंगातून पाहावा. दोन-तीन मिलिमीटरचा असतो. एखादी फांदी मोडलेली, एखादीवर गोठलेल्या धुक्याचे बारीक टिपके चिकटलेले. असे टिपके जास्त, तर ढगात द्रव थेंब बरेच होते आणि बर्फ जड पडणार. फांद्या स्वच्छ असतील, तर पडणारा थर हलका. श्वास लागला, की टोकं आधी गोल होतात आणि मग ऐवज एका थेंबावर येतो. घट्ट बर्फाचं वजन घनमीटरला ९१७ किलो. अशा ताज्या, कोरड्या थराचं ५० ते १०० किलो. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के किंवा त्याहूनही जास्त हवाच.

आता गुलमर्ग. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदूरीपर्यंत नेतो. २००५ मधला दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, ३,९८० मीटरच्या आसपास सोडतो. कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट उंची, पाळण्यात बसल्या बसल्या. उंची वाढेल तशी हवा किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या स्थानकात आठ-नऊ अंशांचा फरक सहज पडतो. वर उणे दहा, तर गावात उणे एक-दोन. तोच झंझावात, तेच ढग, पण वर कोरडी पावडर आणि खाली मुठीत दाबली की गोळा होणारा ओलसर बर्फ.

मोठ्या स्की केंद्राचं खरं वैभव मला या विविधतेत दिसतं. अफरवतच्या माथ्याखाली रुंद वाडगे उघडतात, त्यांच्या मधून सोंडा उतरतात, सोंडांच्या कुशीत घळी, खाली खिलनमर्गचं मोकळं कुरण आणि त्याच्याही खाली सूचीपर्णी झाडांचं जंगल. जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडापर्यंत, म्हणजे 'के टू एस' करणाऱ्याला हा भूगोल अनोळखी वाटत नाही. धार कुठली, सोंड कुठली, नाळ कुठे फसवेल, घसाऱ्यावर पाय कसा टाकावा, हे त्याच्या अंगात असतं. पावसाळा सरल्यावर उत्तरेकडच्या उतारावर गवत जास्त दिवस हिरवं राहतं, हेही त्याने पाहिलेलं असतं.

बर्फावर हाच नियम कितीतरी कडक होतो, आणि तो आकड्यांत पाहण्यासारखा आहे. मध्य जानेवारीत कात्रजला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो. गुलमर्गला जेमतेम ३५ अंश. तिथे ३० अंशांच्या दक्षिण उतारावर किरण ६५ अंशांच्या कोनात पडतात, तर तेवढ्याच उत्तर उतारावर फक्त पाच अंशांत, नुसते चाटून जातात. हिशेब केला, तर दक्षिण उताराला उत्तर उताराच्या दहापट थेट ऊन मिळतं. म्हणून एकाच सोंडेच्या एका अंगाला दुपारपर्यंत वरचा थर वितळतो, रात्री गोठून कडक पापुद्रा होतो. दुसऱ्या अंगाला आठवड्यानंतरही पावडर जिवंत असते. पन्नास मीटर चालून धार ओलांडली, की बर्फाचं वय बदलतं.

वाऱ्याचं काम याहून धूर्त. वाऱ्याच्या तोंडावरचा उतार तो खरवडून नेतो आणि आडोशाच्या बाजूला आणून टाकतो. या वाहतुकीत ताऱ्यांच्या फांद्या मोडून चुरा होतो, चुरा घट्ट बसतो आणि हलक्या थराऐवजी जड पाटी तयार होते. दिसायला ती पावडरइतकीच गुळगुळीत. जंगलात मात्र वारा अडतो, ऊनही अडतं. मोठ्या वादळात वरचा गोंडोला बंद असतो, तेव्हा जाणकार मंडळी झाडांमध्ये शिरतात ती यासाठी. शिवाय धुक्यात सगळं पांढरं एक झालं, की झाडांच्या खोडांमुळेच उतार किती हे डोळ्याला कळतं.

पावडरमध्ये माणूस बुडत नाही याचं पहिलं कारण साधं आहे. चालताना सगळं वजन एका बुटावर, म्हणजे साधारण अडीचशे चौरस सेंटीमीटरवर येतं. रुंद स्कीच्या जोडीवर तेच वजन साडेतीन हजार चौरस सेंटीमीटरवर पसरतं. दाब चौदाव्या हिश्शावर येतो. तरीही उभं राहिलं, तर स्की रुतते. वेग घेतला, की पुढचं टोक बर्फ खाली आणि मागे ढकलतं, त्याची प्रतिक्रिया स्कीला वर उचलते. म्हणून नवख्याला सर्वात अवघड वाटणारी गोष्ट, म्हणजे ब्रेक न मारणं, तीच इथे तारते. स्की घसरते कशी, याचं उत्तर मात्र बरीच वर्षं चुकीचं शिकवलं गेलं. वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो, असं सांगत. उणे दहा अंशांना तेवढा दाब माणसाच्या वजनातून येतच नाही. बोडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला मोजमाप करून दाखवलं, की घर्षणाची उष्णताच स्कीखाली पाण्याचा अतिसूक्ष्म थर करते. थंडी फार वाढली, की हा थर पुरेसा होत नाही आणि स्की रेतीवर चालल्यासारखी अडते.

जमिनीवर आल्या क्षणापासून तो सहा फांद्यांचा तारा म्हातारा होऊ लागतो, उणे तापमानातही. टोकदार भागांवरून बाष्प उडतं, खोलगट भागांत बसतं, फांद्या झिजतात, दाणे गोलसर होऊन एकमेकांना चिकटतात. थर खाली बसतो. हे चांगलं म्हातारपण, त्याने बर्फ मजबूत होतो. दुसरं वाईट. सुरुवातीच्या हिमवृष्टीचा थर पातळ असेल आणि वर निरभ्र, कडाक्याच्या रात्री असतील, तर जमिनीजवळचा बर्फ शून्याजवळ आणि पृष्ठभाग उणे पंधरा, असा तीव्र फरक पडतो. मीटरला दहा अंशांहून जास्त फरक पडला, की बाष्प खालून वर वेगाने सरकतं आणि दाण्यांना कोन, पैलू फुटतात. खड्डा खणून तळाचा बर्फ हातात घेतला, तर तो मुठीत बांधला जात नाही. जाड साखरेसारखा बोटांतून ओघळतो. या थरावर फेब्रुवारीत मीटरभर नवा बर्फ येऊन बसला, की अख्खी पाटी सैल पायावर उभी असते.

ही पाटी सुटून हिमस्खलन होतं ते बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. याहून कमी उतारावर ती सहसा सरकत नाही, फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही. आणि नेमके हेच उतार स्कीला सर्वात आवडतात. हिमस्खलनात बळी पडणाऱ्यांपैकी बहुतेकांवर आलेली पाटी त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेली असते.

२०२४ चा जानेवारी गुलमर्गला बराचसा उघडाबोडका गेला, पर्यटकांच्या निराशेची छायाचित्रं देशभर फिरली. फेब्रुवारीत जोरदार हिमवृष्टी झाली आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या वरच्या अंगाला हिमस्खलनात परदेशी स्कीपटू सापडले, एक रशियन तरुण गेला. याच परिसरात फेब्रुवारी २०१० मध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी जवानांवर कडा कोसळावा तसा बर्फ आला होता. २०२४ नंतरच्या हिवाळ्यात, २०२५ मध्ये, बर्फच कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. कोरडा काळ आणि मग एकदम मोठा बर्फ, हा क्रम स्कीच्या हंगामाला जितका वाईट, तितकाच थरांच्या रचनेलाही वाईट.

गोंडोलाखालच्या मुख्य वाडग्यावर गस्त पथकाचं लक्ष असतं, धोकादायक थर ते स्फोटांनी आधीच पाडतात. हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडच्या घळींना तसा रखवालदार नाही. पुण्याहून दर हिवाळ्यात मुलं-मुली काश्मीर-हिमाचलात स्की शिकायला जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सहलीच्या जाहिरातींत कपडे, हॉटेल, गोंडोलाचं तिकीट सगळं असतं, उताराच्या कोनाबद्दल अक्षर नसतं. हे बदललं पाहिजे. डीआरडीओची संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचा इशारा काढते, तो सकाळी वाचणं ही पहिली पायरी. इशारा पाच पायऱ्यांचा असतो, आणि युरोपातला अनुभव सांगतो, की सर्वाधिक माणसं चौथ्या-पाचव्या पायरीला मरत नाहीत. तेव्हा लोक घरीच थांबतात. मृत्यू जास्त होतात तिसऱ्या पायरीला, ऊन पडलेलं असताना, पावडर खुणावत असताना.

गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिली दहा-पंधरा मिनिटं चांगली असते, मग झपाट्याने कोसळते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. काढायचं ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: संदेश देणारा-घेणारा बीकन, टोचून पाहायची लांब सळई आणि धातूचं फावडं. आणि त्या वापरायचा सराव. हा सराव बर्फाशिवायही होतो. एक चालू बीकन पिशवीत घालून डोंगरावरच्या वाळक्या गवतात लपवायचा, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचा. फोनमधलं कोनमापक उघडून समोरचा उतार आधी डोळ्याने सांगायचा, मग मोजायचा. नव्या माणसाला पंचवीस अंशही चाळीस वाटतात आणि नजर बसायला वेळ लागतो. कात्रजच्या टेकड्यांवर त्यासाठी हवे ते सगळे कोन आहेत.